मुलांचं वजन येतं कुठून?

आयर्लंडमध्ये २००७-०८ साली नऊ वर्षांच्या साडेआठ हजारांहून अधिक मुलांची उंची आणि वजन मोजण्यात आलं. ‘ग्रोइंग अप इन आयर्लंड’ हा तिथला राष्ट्रीय अभ्यास. मुलं मोठी होतात तसा तोही त्यांच्या मागोमाग चालत राहतो. त्या फेरीत १९ टक्के मुलं जादा वजनाची आणि ७ टक्के लठ्ठ निघाली, म्हणजे ढोबळमानाने चारांतलं एक. मला मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. पालकांनाही विचारलं होतं, की उंचीच्या मानाने तुमच्या मुलाचं वजन कसं वाटतं? जादा वजनाच्या मुलांच्या पालकांपैकी ५४ टक्क्यांनी ते बरोबर असल्याचं सांगितलं. लठ्ठ मुलांच्या पालकांमध्येही दर पाचांतल्या एकाचं उत्तर तेच होतं.

हे पालक काही निष्काळजी नव्हते. आजूबाजूची मुलं जशी दिसतात तीच आपल्या नजरेला ‘नेहमीची’ वाटायला लागतात. सगळ्या पिढीचंच वजन थोडं थोडं वाढलं, तर त्यातलं आपलं मूल वेगळं दिसत नाही.

डब्लिनच्या पश्चिम टोकाला ओंगार आहे. आज जिथे घरांच्या रांगा आणि दुकानं आहेत तिथे पूर्वी आगाखानांचा घोड्यांच्या पैदाशीचा स्टड फार्म होता. वस्ती उभी राहिली ती २००० नंतर. ओंगार, क्लोनी, हॅन्सफील्ड या पट्ट्यात भारतीय कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांत मराठी घरंही आहेत. या घरांत मुलांच्या वजनाकडे पाहण्याच्या नजरेला आणखी एक पदर असतो. भारतातून आजी येते आणि विमानतळावरच नातवाच्या दंडाला हात लावून म्हणते, ‘‘अगं, वाळलाय किती हा! खायला देतेस ना नीट?’’ आजी १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीतली. मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या घरात पोराच्या अंगावर मांस दिसणं हीच सुखाची खूण होती. तिची काळजी खरी आहे आणि तिचा अनुभवही खरा आहे. फक्त आजच्या धोक्याची दिशा नेमकी उलटी आहे, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही.

ती का दिसत नाही, याचं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं लहानखुरी असतात, हे सगळ्यांना माहीतच होतं. नवल पुढे होतं. बाळाचा दंड, पोटाचा घेर, कातडीखालच्या चरबीची घडी, सगळं वेगवेगळं मोजल्यावर दिसलं, की पुण्याच्या बाळात स्नायू कमी, पोटातले अवयवही लहान. चरबी मात्र जवळजवळ साउथॅम्प्टनच्या बाळाइतकीच राखलेली. आईच्या पोटात जे थोडं अन्न मिळालं त्यात शरीराने काटकसर केली ती स्नायूंमध्ये; चरबीला हात लावला नाही. वरून सडपातळ आणि आतून स्निग्ध, अशा या ठेवणीला ‘थिन-फॅट’ हे नाव पडलं.

मोठेपणीही हा फरक टिकतो. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

परदेशी गेल्याने हे बदलतं का? सूरीनामचं उदाहरण बघा. १८७३ ते १९१६ या काळात भारतातले हजारो मजूर करारावर दक्षिण अमेरिकेतल्या त्या डच वसाहतीत गेले. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या नवजात बाळांची मापं २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हाही तीच थिन-फॅट ठेवण सापडली. म्हणजे ओंगारला जन्मलेलं मराठी बाळ आयरिश पासपोर्ट घेऊन आलं, तरी शरीराची ठेवण तो पासपोर्ट बदलत नाही. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांच्या चरबीचं थेट मोजमाप करून संशोधकांनी असा हिशेब मांडला आहे, की दक्षिण आशियाई मुलाच्या बीएमआयमध्ये सुमारे १.१ मिळवला, तरच गोऱ्या मुलाच्या बीएमआयशी त्याची खरी तुलना होते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली काढलेल्या वाढीच्या तक्त्यांतही याच कारणाने धोक्याच्या रेघा खाली आणल्या. प्रौढांच्या बीएमआयसाठी जगभर २५ (जादा वजन) आणि ३० (लठ्ठपणा) या सीमा धरतात. आपल्या मुलांचे तक्ते २३ आणि २७ धरून आखलेले आहेत.

या खाली आणलेल्या रेघांचं महत्त्व दिल्लीच्या एका जुन्या अभ्यासातून कळतं. १९६९ ते १९७२ दरम्यान दिल्लीत जन्मलेल्या मुलांची वजन-उंची वर्षानुवर्षं नोंदवून ठेवली होती. तिशीच्या आसपास त्यांच्यापैकी कोणाची साखर बिघडली हे तपासलं, तेव्हा मागच्या नोंदींत एक ठळक चाल दिसली: जन्मतः आणि पहिली दोन वर्षं बारीक, पुढे बाराव्या वर्षापर्यंत बीएमआय भराभर वर चढत गेलेला. आणि बाराव्या वर्षी त्यांतलं एकही मूल लठ्ठ या व्याख्येत बसत नव्हतं. आजीच्या नजरेतून पाहिलं, तर ही सगळी ‘आता कुठे अंगाला लागायला लागलंय’ अशी मुलं होती.

तेव्हा धोक्याची सुरुवात ताटापाशी होत नाही, ती त्याच्या फार आधी होते. आईला गरोदरपणात मधुमेह झाला, तर तिच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. बाळाचं स्वादुपिंड तिला तोंड द्यायला जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या साखरेची चरबी होते. अशी मुलं पुढे लठ्ठ होण्याची शक्यता जास्त असते. दक्षिण आशियाई स्त्रियांना हा मधुमेह जास्त प्रमाणात होतो, म्हणूनच आयर्लंडमध्ये आपल्या बायकांना साधारण चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ग्लुकोज पिऊन करायची रक्ततपासणी सांगतात. ओंगारमधल्या अनेकजणी बाळंतपणासाठी १७४५ साली सुरू झालेल्या रोटुंडा रुग्णालयात जातात. तिथे तपासणीची चिठ्ठी हातात पडली की घाबरून जायचं कारण नाही, आणि ‘मला काही त्रास नाही’ म्हणून ती टाळायचंही नाही. गरोदरपणात आईने धूम्रपान करणं आणि गरोदर होण्याआधीच तिचं वजन जास्त असणं, ही आणखी दोन ठळक कारणं. दोन जिवांचं खायचं म्हणून डिंकाचे लाडू, साजूक तूप, शिरा यांचा मारा होतो. पुण्याच्या अभ्यासात मात्र ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची झाली. त्याच अभ्यासात ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी प्रतिसाद देत होतं. शाकाहारी घरांनी या बी-१२ कडे खास लक्ष द्यायला हवं.

मग येतात पहिली दोन वर्षं. वाढीच्या तक्त्यावर बाळाची एक रेघ असते. ती झपाट्याने वरच्या रेघा ओलांडत गेली तर पुढच्या लठ्ठपणाचा धोका वाढतो, आणि जन्मतः बारीक बाळांना ‘भरून काढायच्या’ घाईत नेमकं हेच होतं. अंगावरच्या दुधाबद्दल मात्र दोन अभ्यास दोन गोष्टी सांगतात. सुरुवातीला सांगितलेल्या आयरिश अभ्यासात सव्वीस आठवडे किंवा जास्त काळ आईचं दूध प्यायलेल्या मुलांत नवव्या वर्षी लठ्ठपणाचा धोका ५१ टक्क्यांनी कमी आढळला. बेलारूसमध्ये १७ हजारांवर आया-बाळांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात स्तनपानाला पाठबळ मिळालेल्या गटात साडेअकराव्या वर्षी वजनात काहीच फरक दिसला नाही. स्तनपान देणाऱ्या आयांच्या घरची मिळकत, शिक्षण, सवयी वेगळ्या असतात आणि पहिल्या अभ्यासातला काही फरक त्यांचाच असावा. आईचं दूध इतर कारणांनी अनमोल आहेच. पण ज्या आईला ते जमलं नाही, तिच्यावर मुलाच्या वजनाचा ठपका ठेवायला कोणाकडेही पुरावा नाही, हे मला स्पष्टपणे म्हणायचं आहे. बाळंतिणीला मदतीला आई नाही, सासू नाही, नवरा दोन आठवड्यांत कामावर रुजू, अशा परक्या देशातल्या घरात हा ठपका फार लागतो.

पहिल्या वाढदिवसानंतर मूल चालायला लागतं, तसा त्याचा बीएमआय उतरू लागतो. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान तो तळ गाठतो आणि मग पुन्हा चढतो. हा तळ जितका लवकर, उदाहरणार्थ चौथ्याच वर्षी, तितका पुढचा धोका मोठा. आणि गंमत अशी, की हेच वय आई-वडिलांना सर्वात जास्त छळतं. गुटगुटीत बाळाचं बाळसं उतरतं, बरगड्या दिसायला लागतात, मूल ताटाशी नखरे करतं. निसर्गाने आखलेला तो उतार आहे. त्या उतारावर आपण घास भरवून मुलाला वर ओढत असतो.

घास भरवण्याबद्दल अमेरिकेतला एक छोटा प्रयोग मला नेहमी आठवतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मुलांना मॅकरोनी-चीजची कधी लहान, कधी मध्यम, कधी मोठी वाढप दिली. तीन वर्षांच्या मुलांनी वाढप कितीही असली तरी सारखंच खाल्लं. पोट भरलं की थांबली. पाच वर्षांची मुलं मात्र समोर जास्त वाढलं की जास्त खात होती. भूक आतून ऐकायची उपजत जाण या दोन वर्षांत बाहेरच्या खुणांपुढे मागे पडते. ‘ताट स्वच्छ कर’, ‘हा एक काऊचा, हा एक चिऊचा’, ‘संपवलंस तर आइस्क्रीम’ या सगळ्या बाहेरच्या खुणा. त्यांत आता फोन आला. समोर कार्टून लावलं की मूल तोंड उघडतं, आई घास सरकवते, आणि वरण-भाताची वाटी रिकामी होते. त्या मुलाला चव कळत नाही, पोट भरल्याचंही कळत नाही. वरण-भात दोषी नाही, पण तो ज्या पद्धतीने पोटात जातो ती पद्धत घातक आहे.

आता ओंगारच्या घड्याळाकडे या. प्राथमिक शाळा अडीचच्या सुमाराला सुटते, लहान वर्गांची त्याहून एक तास आधी. डिसेंबरमध्ये सूर्य चार वाजून काही मिनिटांनी मावळतो. आई-बाबा दोघं नोकरीत. मूल आफ्टर-स्कूलमध्ये किंवा शेजारच्या मावशींकडे. सहाला घरी येतं तेव्हा बाहेर दोन तासांचा काळोख, वर रिमझिम. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते, ती या दिवसांत कुठे बसवायची? आपली मुलं पुण्यात सोसायटीच्या आवारात, कोल्हापुरात गल्लीत खेळतात, त्यासाठी कोणाला तारीख-वेळ ठरवावी लागत नाही. इथे खेळ ठरवून करावा लागतो: आयरिश देशी खेळांच्या जीएए क्लबचा सराव, पोहण्याचा वर्ग, त्यासाठी गाडीने नेणारं कोणीतरी. ज्यांच्या आई-बाबांची शिफ्ट असते त्यांचा हाच भाग सुटतो.

जेवणाचंही तसंच. आयरिश घरात मुलांचं रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला होऊन जातं. आपल्याकडे बाबा कॉलवर, कुकर आठला लागतो, पानं साडेआठला वाढली जातात. शाळेतल्या जेवणापासून तिथपर्यंत आठ तासांचं अंतर. ते बिस्किटं, चिवडा, फरसाण आणि इन्स्टंट नूडल्स भरून काढतात. म्हणजे मूल मधल्या वेळचं म्हणून जवळजवळ एक जेवण जेवतं आणि मग पुन्हा पूर्ण जेवतं. त्यानंतर झोप दहा-साडेदहाला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सातला उठायचं तर हिशेब जेमतेम जमतो किंवा जमतच नाही. कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये लठ्ठपणा जास्त, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात, आणि दमलेलं मूल खेळत नाही, बसून राहतं. जूनमध्ये उलट तऱ्हा. सूर्य रात्री दहाच्या जरा आधी मावळतो, आणि लख्ख उजेडात मुलाला झोपवायचं कसं हा प्रश्न. जाड पडदे लावणं हा इथे आरोग्याचाच उपाय आहे. माझ्या मते ओंगारच्या मराठी घरांनी एकच गोष्ट बदलायची ठरवली, तर मुलांचं जेवण साडेसहापर्यंत उरकावं. मोठ्यांनी नंतर बसावं. एकत्र पंगतीचा आनंद शनिवार-रविवारी भरपूर घेता येतो.

पेयांबद्दल थोडक्यात. १ मे २०१८ पासून आयर्लंडने साखर घातलेल्या पेयांवर कर लावला: १०० मिलिलिटरला आठ ग्रॅम किंवा जास्त साखर असेल तर लिटरमागे सुमारे ३० सेंट, पाच ते आठ ग्रॅमला सुमारे २०. त्याने अनेक कंपन्यांनी साखर उतरवली, हे चांगलं झालं. पण साखर न घातलेल्या शुद्ध फळांच्या रसाला कर नाही, आणि संत्र्याच्या रसात तितकीच, म्हणजे १०० मिलिलिटरला आठ-नऊ ग्रॅम साखर असते. मुलांना फ्रिजमधून रोज ग्लासभर ‘हेल्दी ज्यूस’ मिळतो तो या हिशेबात येत नाही. अख्खं संत्रं खावं, हेच बरं.

वजनाचा पैशाशी संबंध मात्र दोन देशांत दोन दिशांनी जातो, आणि परदेशी आलेल्या कुटुंबाला हे लवकर उमगत नाही. भारतात लठ्ठपणा बराच काळ शहरी, सुखवस्तू, खाजगी शाळांतल्या मुलांचा होता. आयर्लंडमध्ये नऊ वर्षांच्या मुलांत वरच्या व्यावसायिक वर्गातल्या घरांत १९ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. अकुशल आणि अर्धकुशल कामगारांच्या घरांत तेच आकडे २९ आणि ३८ टक्के. स्वस्त उष्मांक, लांबलचक शिफ्ट, खेळाच्या वर्गाची फी, भाड्याच्या घरातली अरुंद जागा, सगळं त्यात आहे. नव्याने आलेलं मराठी कुटुंब घरभाड्यात पगाराचा मोठा वाटा घालवतं, तेव्हा या दोन्ही देशांतले धोके एकाच घरात येतात: तिकडचं ‘आता कमावतो तर मुलाला हवं ते देऊ’ आणि इकडचं ‘वेळ नाही, जे पटकन होईल ते’.

राहिला आनुवंशिकतेचा भाग. डब्लिनमध्ये जन्मलेले आणि तिथेच वैद्यक शिकलेले डॉ. स्टीफन ओ’राहिली केंब्रिजमध्ये काम करत असताना त्यांच्याकडे पाकिस्तानी वंशाची दोन भावंडं आली, नात्याने चुलत. दोघंही अतोनात लठ्ठ, भूक न शमणारी. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की या मुलांच्या शरीरात लेप्टिन हे संप्रेरकच तयार होत नाही. लेप्टिन चरबीतून मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे. इंजेक्शनने ते दिल्यावर भूक आटोक्यात आली आणि वजन उतरलं. इतका ठळक जनुकदोष फार क्वचित असतो. पण या मुलांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली: भूक ही जीवशास्त्राच्या हातात आहे, मुलाच्या हट्टीपणाच्या किंवा आळशीपणाच्या नाही. २००७ मध्ये सापडलेल्या एफटीओ या जनुकाचा सौम्य प्रकार मात्र सर्वत्र आहे. त्याच्या दोन्ही प्रती असलेली माणसं सरासरी तीन किलो जड असतात, आणि तोही मुख्यतः भुकेवाटेच काम करतो. ‘जाड्या’ म्हणून हाक मारणाऱ्या काकांना हे कोणीतरी सांगायला हवं. चिडवल्याने एकाही मुलाचं वजन उतरल्याची नोंद नाही. लपून खाणं मात्र वाढतं.

म्हणून मूल बघून ठरवू नका, मोजा. पाच वर्षांपुढच्या मुलासाठी घरच्या घरी सोपी पद्धत म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे ना, हे टेपने पाहणं. आपल्या पोटाशी साठणाऱ्या चरबीला ही पद्धत जास्त लागू पडते. शंका असेल तर जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा पब्लिक हेल्थ नर्सकडे जाऊन तक्त्यावर नोंद करून घ्या आणि मूल दक्षिण आशियाई वंशाचं आहे, हे आवर्जून सांगा. डब्लिनच्या टेम्पल स्ट्रीट बालरुग्णालयात वाढलेल्या वजनाच्या मुलांसाठी जो उपचार कार्यक्रम आहे, त्यात एकट्या मुलाला बोलावत नाहीत, सगळ्या कुटुंबाबरोबर काम करतात.

वाढत्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं, हे तर फार थोड्यांना ठाऊक असतं. सात वर्षांचा एक मुलगा धरा, उंची १२० सेंटिमीटर, वजन २८ किलो. बीएमआय १९.४. आंतरराष्ट्रीय तक्त्यावर त्या वयाच्या मुलग्याची जादा वजनाची सीमा १७.९, म्हणजे तो ओलांडून गेला. आता डॉक्टरांच्या देखरेखीत, उपास न करवता, जेवणाची वेळ, झोप आणि खेळ सांभाळून त्याचं वजन वर्षभर २८ वरच राहिलं आणि उंची १२६ झाली, तर बीएमआय १७.६ होतो. आठव्या वर्षाची सीमा १८.४. हेच आकडे शाळेतल्या आयरिश मित्राचे असते, तर त्याच्या आई-बाबांनी इथे सुटकेचा श्वास सोडला असता. आपल्या मुलासाठी मात्र त्यात १.१ मिळवायचे आहेत: १८.७. अजून सहा महिने तसेच काढावे लागतील, तोवर उंची साधारण १२९ होईल आणि भर घालूनही आकडा १८ च्या खाली येईल.